शून्य पॉइंट शून्य

पहाटे ५.४५

दार उघडलं की आधी पायरीकडे बघायचं. आमच्या माण तालुक्याची माती पिठासारखी बारीक. उन्हाळ्यात एका रात्रीत पायरीवर तिचा पातळ थर बसतो, आणि रात्री चार थेंब जरी येऊन गेले असले तरी त्या थरावर देवीच्या वणांसारखी बारीक खळी दिसतात. आज पायरी कोरी आहे. एप्रिलचा शेवटचा आठवडा, कोरीच असणार. म्हणजे आजचा पाऊस शून्य, हे मला तोंड धुवायच्या आधीच कळलंय.

तरीही साडेआठला मी वेधशाळेत जाणार, कुंपणाचं कुलूप काढणार, पर्जन्यमापकातली बाटली उचलून मापात उलटी करणार आणि रजिस्टरात ०.० लिहिणार. एकवीस वर्षं हेच चाललंय.

नोकरी माझी शेतकी विद्यालयात, प्रयोगशाळा परिचर म्हणून. त्याच आवारात एक लहान वेधशाळा आहे, तिची मी अर्धवेळ निरीक्षक. पहिल्या कामाचा पगार मिळतो, दुसऱ्याचं मानधन. मानधनाचा आकडा सांगत नाही, उगाच हसाल.

सकाळी ७.१५

भाकऱ्या झाल्या, डबे भरले. टँकरचा आज वार नाही, म्हणून सकाळ जरा निवांत. सासूबाई चहाची बशी खाली ठेवत विचारतात, "काय म्हणतंय तुझं शून्य?" त्यांचा हिशोब नक्षत्रांचा. रोहिणी कशी गेली, मिरग कोणत्या वाहनावर आला, कावळ्यानं घरटं झाडाच्या कुठल्या फांदीवर बांधलं. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. त्या माझ्याशी घालतात.

८.१०

फाटकावरचे वॉचमन काका रोज एकच प्रश्न विचारतात, "ताई, आज बी नाहीच का?" जणू मीच तो अडवून धरलाय.

आमच्याच सातारा जिल्ह्यात पश्चिमेच्या टोकाला महाबळेश्वर आहे. तिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. ढग सह्याद्री चढताना तिकडे रिकामे होतात आणि आमच्यापर्यंत येईतो त्यांच्यात नुसती सावली उरते. आमचं वर्षाचं सगळं मिळून पाचशेच्या आसपास. त्यामुळे माझ्या रजिस्टरातल्या वर्षाच्या ३६५ ओळींपैकी तीनशेच्या आसपास ओळींत पावसाच्या रकान्यात शून्यच असतं. महाबळेश्वरच्या निरीक्षकाला जुलैत बाटली भरून वाहील याची धास्ती. मला धास्ती एकच, की एक दिवस मी ती न उघडताच शून्य लिहीन.

कुंपणाबाहेर एक कडुनिंब आहे. कुठल्याशा वनमहोत्सवात पाहुण्यांच्या हस्ते लागलेला, आणि दुर्दैवानं जगलेला. पर्जन्यमापकापासून कुठलाही अडथळा त्याच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर हवा, नाहीतर वाऱ्यानं तिरपा येणारा पाऊस झाडच खातं. म्हणून दरवर्षी पावसाळ्याआधी त्याचा शेंडा छाटून घ्यावा लागतो. विद्यार्थी म्हणतात, "मॅडम, लोक पावसासाठी झाडं लावतात आणि तुम्ही पावसासाठी तोडता!" यावर मला अजून चांगलं उत्तर सुचलेलं नाही.

८.२०

चार पायांवर उभी असलेली, पांढरी, झडपांची लाकडी पेटी. नवी मुलं तिला मधमाश्यांची पेटी म्हणतात. तिचं नाव स्टीव्हन्सन पेटी. ती ज्यानं घडवली तो थॉमस स्टीव्हन्सन दीपगृहं बांधणारा इंजिनिअर होता, आणि 'ट्रेझर आयलंड' लिहिणारा स्टीव्हन्सन त्याचा मुलगा. वडिलांची पेटी जगभरच्या कुंपणांत उभी आहे, पण नाव लोकांना मुलाचं ठाऊक.

पेटीचं दार उत्तरेकडे, म्हणजे उघडताना पाऱ्यावर ऊन पडत नाही. आत चार थर्मामीटर: कोरडा, ओला, कमाल, किमान. वाचायची रीत ठरलेली आहे. नजर पाऱ्याच्या टोकाच्या सरळ रेषेत, श्वास आवरलेला, आणि आधी दशांश वाचायचे, मग पूर्ण अंश. कारण माणूस जवळ उभा राहिला की त्याच्या अंगाच्या उबेनं पारा दशांशानं सरकतो. पूर्ण अंश कुठे पळून जात नाहीत. पहिल्या वर्षी मला हे नुसतं सोवळं वाटायचं. मग एकदा मुद्दाम पेटीत तोंड घालून उभी राहिले आणि पारा माझ्यामुळे वर चढताना पाहिला. तेव्हापासून सोवळं पाळते.

कोरडा २८.६. ओला २०.४, त्याच्या भोवतीची मलमल सोमवारीच बदललीय. किमानच्या थर्मामीटरात पारा नसतो, स्पिरिट असतं, आणि त्यात टाचणीएवढी काळी कांडी. रात्री थंडी वाढत गेली की स्पिरिट आक्रसतं आणि त्या कांडीला मागे ओढत नेतं. पहाटे ऊब आली की स्पिरिट पुढे निघून जातं, पण कांडी जिथं सर्वांत गार होतं तिथंच पडून राहते. २२.८. हा आकडा पहाटेचा असणार, मी पायरी बघत होते त्याच्या आगेमागेचा. काल संध्याकाळी वाचलेलं कमाल परत एकदा नजरेखालून घालते आणि तापाच्या थर्मामीटरसारखं झटकून पारा खाली आणते.

आकाश: आठातला एक भाग, तोही उंचावरचा पिंजलेला ढग. वाऱ्याच्या कपांचा आकडा तीन मिनिटांच्या अंतरानं दोनदा.

८.३०

आता बाटली.

पर्जन्यमापक म्हणजे जमिनीत रोवलेला डबा, त्यावर दोनशे चौरस सेंटिमीटर तोंडाचं नरसाळं, आत बाटली. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बाटलीत वीस मिलिलिटर पाणी. दशांश मिलिमीटर म्हणजे दोन मिलिलिटर, औषधाचा अर्धा चमचाही नाही. त्याहूनही कमी असेल, नुसती बाटली ओलसर असेल, तर त्यालाही नाव आहे, ट्रेस.

नरसाळ्यात कोळ्यानं जाळं केलंय. तो दर दोन-तीन दिवसांनी करतो, मी काढते. नरसाळं उचलते, बाटली काढते, मापाच्या नळीत उलटी धरते. काही येत नाही. थोडा वेळ तशीच धरून ठेवते. काही येत नाही. ०.०.

एवढ्यासाठी रोज कशाला, असं मला पुष्कळांनी विचारलंय. त्यात माझा नवराही आला. या प्रश्नाचं उत्तर रकान्यात आहे. रकाना रिकामा असणं आणि रकान्यात शून्य असणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रिकामा म्हणजे 'कोणी बघितलं नाही.' शून्य म्हणजे 'बघितलं, नव्हता.' हवामानाची सरासरी तीस-तीस वर्षांची काढतात, सध्या १९९१ ते २०२० ची चालते. त्या बेरजेत शून्य धरता येतं, पण रिकामा रकाना धरता येत नाही. अडचण अशी, की बघून लिहिलेलं शून्य आणि घरबसल्या लिहिलेलं शून्य कागदावर तंतोतंत सारखं दिसतं.

शेजारचं बाष्पपात्र मात्र रोज काहीतरी सांगतं. चार फूट रुंद परातच ती, पक्ष्यांनी पाणी पिऊ नये म्हणून वर जाळी. कालपासून ११.२ मिलिमीटर पाणी वाफ होऊन गेलं. मोजून तेवढं परत ओततो, तेही टँकरच्या दिवसांत. आलं शून्य, गेलं अकरा. तालुक्याचा ताळेबंद.

९.००

आकडे मोबाईलवरून पाठवले. दोन खुणा निळ्या होतात, काही दिवस त्याही होत नाहीत.

१० ते २

विद्यालयाचं काम. मातीच्या परीक्षणाचं प्रात्यक्षिक, वीस बरण्या धुणं, एक फुटली. यात सांगण्यासारखं काही नाही.

एका मुलानं मात्र मोबाईल दाखवून विचारलं, "मॅडम, हे बघा, आपल्या गावाचं तापमान इथं येतंय की. मग ती पेटी कशाला?" प्रश्न रास्त आहे. मोबाईलवरचा आकडा बहुतेक वेळा गणितानं काढलेला असतो, आणि ते गणित कुठल्या तरी पेटीतल्या आकड्याशी ताडून बसवलेलं असतं. शिवाय आता मंडळामंडळांत स्वयंचलित यंत्रं उभी आहेत, दर काही मिनिटांनी आकडा पाठवतात. मला त्यांचा राग नाही. रात्री दोन वाजता ती जागी असतात, मी नसते. पण यंत्राच्या नरसाळ्यातही कोळी जाळं करतो, चिमणी शिटते, भोक बुजतं, आणि मग बाहेर धो धो कोसळत असताना यंत्र इमानेइतबारे शून्य पाठवत राहतं. त्याला कुणीतरी जाऊन बघावं लागतं.

त्या मुलाला मी अलिबागची गोष्ट सांगितली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय मापनं बिघडणार हे उघड होतं. कुलाब्याच्या नोंदी १८४१ पासूनच्या. तिथले पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांच्या काळात १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली, पण कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी माळ नव्या माळेत ओवता यावी. दोन वर्षं, दोन ठिकाणी, एकच काम. ती दुसरी नोंद घेणाऱ्याच्या मनात 'कशाला' आलंच नसेल का?

मुलगा म्हणाला, "ट्राम म्हणजे?"

दुपारी २.३०

या वेळी आवारात कुत्रंही हिंडत नाही. महिनाअखेर जवळ आली, म्हणून कपाटातून जुनी रजिस्टरं काढून बेरजा ताडत बसते. आमची नोंद १९६९ पासूनची आहे. चार हस्ताक्षरं. पहिलं टाकाचं, तिरपं. दुसरं बॉलपेनचं, दाबून लिहिलेलं, मागच्या पानावर उमटलेलं. तिसरं माझ्या आधीच्या सरांचं, आणि मग माझं.

मी नेहमी १९७२ चं पान उघडते. दुष्काळाची आमच्याकडची आठवण म्हणजे सुकडी, खडी फोडायची कामं, परगावी निघालेली माणसं, सोडून दिलेली जनावरं. रजिस्टरात यातलं काही नाही. जुलै, ऑगस्ट, नुसती शून्यांची उतरंड, टाकानं काढलेली, प्रत्येक शून्य गोल पूर्ण केलेलं. तो माणूस कोण, त्याचं घर कसं चाललं असेल, मला माहीत नाही. पण पाऊस येत नाही हे गावातलं पोर सांगू शकत होतं अशा महिन्यात तो रोज साडेआठला बाटली उलटी करत होता. त्याच्या हातातला थोडा जरी कंटाळा शून्यांत उतरला असता तर मला दिसला असता. मी शोधलाय. नाही सापडला.

माझ्या अक्षरातलं एक पानही मी दरवेळी उघडते. ते दाखवावंसं वाटत नाही, पण दाखवते.

दुसरंच वर्ष होतं. मे महिना, भाचीचं लग्न, विट्याला. शनिवारी संध्याकाळचं रीडिंग घेतलं आणि निघायच्या घाईत रविवारची ओळ आदल्या दिवशीच भरून टाकली. तापमानं आधीच्या चार दिवसांवरून अंदाजानं, पाऊस ०.०. मे महिन्यात दुसरं काय असणार? सोमवारी पहाटेच्या एसटीनं परत आले, साडेआठला बाटली उचलली आणि ती हाताला जड लागली. मापात ओतलं. १४.६. वळीव येऊन गेला होता.

चूक कबूल करायची तर निदान नीट करावी, म्हणून कधी पडला ते विचारत फिरले. वॉचमन काका म्हणाले, शनिवारी रात्री, वरात चालली होती आणि बेंडबाजावाले पळाले. दुकानदार म्हणाला, छे, रविवारी दुपारी, लाईट गेली होती. शेजारीण म्हणाली, "पाऊस? कुठं?" दुष्काळी तालुका, उन्हाळ्यात पंधरा मिलिमीटर पाऊस, आणि दोन दिवसांनी तीन माणसांच्या तीन तऱ्हा.

रजिस्टरात खाडाखोड चालत नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, वर बरोबर लिहायचं आणि सही करायची. मी रविवारच्या सगळ्या ओळीवर रेघ मारली. शेऱ्यात लिहिलं: 'रविवारी निरीक्षण झाले नाही. शनिवार सायं. ते सोमवार सकाळ एकत्रित १४.६.' सही. हात थरथरत होता, ते अक्षरात दिसतं. महिनाभर मी स्पष्टीकरण मागणाऱ्या पत्राची वाट बघितली. वरून कुणी काही विचारलं नाही. आजतागायत नाही.

पण मला सलतं ते वेगळंच. त्या दोन दिवसांत पाऊस पडला नसता तर माझं खोटं शून्य खरं ठरलं असतं. आणि मग मी ते परत केलं असतं, याची मला खात्री आहे. मे महिन्यात आधी, मग डिसेंबरात, मग दिवाळीच्या सुट्टीत. त्या वळवानं मला पकडलं म्हणून मी आज इथं आहे. आता गावाला जायचं तर धाकट्या सहकाऱ्याला दोन दिवस आधी बरोबर घेऊन उभं करते.

न बघता अंदाज बांधणं किती महागात पडू शकतं, याचा मोठा दाखला मुंबईतच आहे. २६ जुलै २००५ चा पाऊस. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर आणि कुलाब्याला ७३. एकच शहर, एकच दिवस. सांताक्रूझच्या माणसानं त्या दिवशी 'रस्ते बंद आहेत, कुलाब्यावरून अंदाज धरू' म्हटलं असतं तर? किंवा मापाची नळी पुन्हा पुन्हा भरताना मोजणीत चुकला असता तर? पुढे नाले किती रुंद हवेत यावर जी भांडणं झाली, ती सगळी त्या ९४४ वर उभी आहेत.

माझ्या आकड्यांवर असं काही उभं नाही. एकवीस वर्षांत तीनदा कुणी रजिस्टर मागायला आलं. एक इंजिनिअर, ओढ्यावरच्या मोरीसाठी. एक वकील, एका रात्री रस्ता ओला होता का हे बघायला. एक डाळिंबवाले शेतकरी, गारपिटीची तारीख शोधत. वकिलाला हव्या त्या रात्री शून्य होतं. त्याचं तोंड पडलं.

५.३०

कमाल ४०.४. ओल्या थर्मामीटरच्या कुपीत पाणी घातलं. पश्चिमेला, शिखर शिंगणापूरच्या उलट बाजूला, दोन कापशी ढग वर चढताहेत. आठातले दोन भाग. बाकी काही नाही.

६.५५

दिवसातलं माझं लाडकं काम हे. ओट्यावर एक काचेचा भरीव गोळा बसवलाय, मोठ्या पेरूएवढा. त्याच्या मागे वाकवलेलं निळसर कार्ड. सूर्य तळपत असेल तोवर गोळा भिंगासारखा त्याचे किरण एका बिंदूत आणतो आणि कार्डावर जळकी रेघ उमटत जाते. ढग आला की रेघ तुटते. एप्रिलच्या मध्यापासून लांब वाकडं कार्ड, हिवाळ्यात आखूड, मध्ये सरळ.

सूर्य बुडाल्यावर आजचं कार्ड काढते, उद्याचं सरकवते. जळक्या पुठ्ठ्याचा वास येतो. आजची रेघ सकाळी अर्धा तास फिकी आहे, मग गडद, आणि चारच्या सुमारास वीसेक मिनिटांची फट. तेव्हा मी बेरजा ताडत होते. डोक्यावरून ढग गेला आणि मला कळलंही नाही. कार्डाला कळलं.

रात्री ९.४०

जेवणं झाली. गच्चीवर अंथरुणं घातली. सासूबाई म्हणाल्या, "ते बघ." पश्चिमेला, फार दूर, महाबळेश्वरच्या अंगाला, क्षितिजाजवळ उजेड थरथरला. पुन्हा. मी कान देऊन बसले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आवाज नाही.

"इकडं नाही यायचा तो," त्या म्हणाल्या.

"नाही यायचा," मी म्हटलं, आणि खाली येऊन डायरी काढली. वीज दिसली पण गडगडाट ऐकू आला नाही, यालाही आमच्या कामात वेगळा आकडा आहे, तेरा. वेळ लिहिली, दिशा लिहिली, तेरा लिहिला आणि पेनाचं टोपण लावून परत वर गेले.